खेड्यातली छातीच्या कॅन्सरची तपासणी: खरंच उपयोग होतो का, आणि झाला तर तो कळतो कसा?

मलप्रभेकाठची

नमस्कार मंडळी. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली, आमच्या बाजूच्या काही गावांतल्या बचत गटांचं काम बघते. यंदा गटातल्या बायकांनी आपणहून विषय काढला की छातीच्या कॅन्सरची तपासणी गावातच करून घेऊया. थोडे पैसे गटांचे, पंचायतीनं हॉल देतो म्हटलंय, आणि एक संस्था मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनाचा एक्स-रे काढायची, व्हॅन फुकट आणतो म्हणतेय. पण मला ह्यात एक गोष्ट खटकूलालीय, म्हणून धागा काढला.

असली शिबिरं आधीही झालीत. बॅनर लागतो, पाहुणे येतात, एवढ्या महिलांची तपासणी झाली म्हणून पेपरात फोटो येतो, आणि पुढं काय झालं ते कुणीच विचारत नाही. मागच्या वेळी आमच्या गल्लीतल्या एका काकूंच्या हातात "पुढील तपासणी करून घ्यावी" एवढंच लिहिलेली चिठ्ठी दिली. कुठं करायची, कुणाला भेटायचं, किती खर्च येईल, काही सांगितलं नाही. काकूंनी ती चिठ्ठी देव्हाऱ्यातल्या कुंकवाच्या डब्याखाली ठेवली, सुनेला सांगितलं नाही, लेकाला नाही, सगळा पावसाळा तसाच काढला. भात कापणीला बांधावर भेटल्या तेव्हा पदरातून काढून मला दाखवली. घेऊन गेले, सोनोग्राफी झाली, साधी पाण्याची गाठ निघाली. पण तेवढे महिने त्या बाईनं काय सोसलं असेल? आणि ती साधी नसती तर तेवढे महिने वाया गेलेच होते की.

म्हणून विचारते, आमची सगळी गावं मिळून दहा हजार वस्ती. एवढ्याशा वस्तीत तपासणीचा गुण येतो का? आणि तपासणी चांगली झाली की नुसती उरकली, हे आपण कशावरून ठरवायचं?

खिंडगल्ली

ताई धागा चांगला काढलासा. पण व्हॅन फुकट येतेय तर घ्या की, उगंच जास्त विचार कशाला? एका जरी बाईचा जीव वाचला तरी झालं. आमच्या बेळगावात बायका हजारो रुपये मोजून मॅमोग्राफी करूलाल्यात, तुमच्या दारात येतंय.

आकडेमोड

खिंडगल्ली, "एक जरी वाचली" हे मनापासून पटतं, पण ती एक वाचली की नाही हेच दहा हजारांत कळत नाही, इथंच गोम आहे. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळं थोडं लांबण लावतो, सांभाळून घ्या.

दहा हजार वस्तीत ३० ते ६५ वयाच्या बायका साधारण दोन हजार धरा. २०२० च्या जागतिक अंदाजात भारतात वयाचा फरक जुळवून लाख बायकांमागं वर्षाला सुमारे २६ नव्या केसेस येतात. तिशी-पासष्टीच्या गटात हे प्रमाण जास्त असतं, खेड्यात शहरापेक्षा कमी असतं, तर हिशेबापुरते लाखाला ५० धरू. दोन हजार बायकांत वर्षाला एक. फक्त एक. पहिल्याच फेरीत आधीपासून साठलेल्या एक-दोन जास्त सापडतील, पण पुढं सरासरी एकच.

आता सरासरी एक म्हणजे दर वर्षी एक सापडतेच असं नाही. नुसत्या योगायोगानं शंभरातल्या ३७ वर्षांत शून्य येईल, आणि ८ वर्षांत तीन किंवा जास्त येतील, रोगाचं प्रमाण तसूभरही न बदलता. शून्य आलं की पंचायत म्हणणार आमच्या गावात हा रोगच नाही, पुढच्या वर्षी पैसे बंद. तीन आल्या की लोक म्हणणार विहिरीत काहीतरी आहे, अमक्याच्या फॅक्टरीमुळं झालं. दोन्हीला काही आधार नाही. लहान आकड्यावर टक्केवारी काढली की ती अशीच उड्या मारते, म्हणून एका वर्षाचा आकडा बघून निकाल देऊच नये, पाच-पाच वर्षं एकत्र करून, शेजारची गावं जोडून बघायचं असतं.

मृत्यू कमी झाले का हा तर आणखी पुढचा प्रश्न. टाटा मेमोरियलनं मुंबईत १९९८ ला एक अभ्यास सुरू केला, ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायका, वीस वस्त्या. मॅमोग्राफी नाही, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं तपासायचं. वीस वर्षांचा हिशेब २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. छातीच्या कॅन्सरचे एकूण मृत्यू तपासणी न झालेल्या वस्त्यांपेक्षा १५ टक्के कमी दिसले, पण तेवढा फरक योगायोगाचा नाही असं छातीठोक म्हणता आलं नाही. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मात्र जवळजवळ ३० टक्के कमी, आणि तो फरक पक्का. दीड लाख बायका आणि वीस वर्षं घालून इतकं निघालं. तुम्ही दोन हजारांत मृत्यू मोजून काय सिद्ध करणार?

मग मोजायचं काय? ज्या गोष्टी लवकर आणि प्रत्येकीच्या दिसतात त्या. बोलावलेल्या किती आल्या, संशय आलेल्या किती जणी मोठ्या दवाखान्यात *खरोखर* पोचल्या, किती दिवसांत पोचल्या, गाठ सापडली तेव्हा केवढी होती, उपचार पुरा झाला का. मुंबईच्या त्याच अभ्यासात तपासणीच्या गटात तिसऱ्या-चौथ्या स्टेजला सापडणाऱ्या ३७ टक्के होत्या, तपासणी न झालेल्या गटात ४७. एकेकीचा माग ठेवता येतो हा लहान वस्तीचा मोठा फायदा आहे, मुंबईत ते फार कठीण.

खिंडगल्ली

सर, एवढं कुणी फोड करून सांगितलं नव्हतं. म्हणजे व्हॅनपेक्षा हातानं तपासलेलं बरं म्हणताय?

क्षकिरण

ह्याचं उत्तर मी देते, बरीच वर्षं मॅमोग्राफीच्या मशीनवर काम करतेय. मॅमोग्राफी चांगलीच आहे, पण कुणाला आणि कशी हे महत्त्वाचं.

युरोपात बहुतेक ठिकाणी ५० ते ६९ वयाच्या बायकांना दर दोन वर्षांनी करतात आणि तिथं नियम कडक आहेत. २००६ च्या युरोपीय मार्गदर्शक नियमांप्रमाणं फिल्म वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टनं वर्षाला किमान ५००० बायकांच्या फिल्म वाचल्या पाहिजेत, दोघांनी स्वतंत्र वाचायच्या, पहिल्या फेरीत परत बोलावलेल्या बायका ७ टक्क्यांच्या आत हव्यात, नंतरच्या फेऱ्यांत ५ च्या आत. बोलावलेल्यांपैकी निदान ७० टक्के आल्या पाहिजेत. हे आकडे असेच नाही ठरवले, कमी फिल्म वाचणाऱ्याची नजर तयार होत नाही, मग तो एक तर खरी गाठ सोडतो नाहीतर घाबरून सगळ्यांनाच परत बोलावतो.

लहान देशांनी ह्यावर काय केलं ते बघा. आइसलँडची वस्ती चार लाखांच्या आत, म्हणजे आपल्या एका-दोन तालुक्यांएवढी, तरी १९८७ पासून सगळ्या देशाला मॅमोग्राफी देतात. लक्झेंबर्गनं १९९२ ला सुरू केलं. फोटो काढायचं काम गावोगावी झालं तरी वाचायचं काम एका जागी, थोड्या पण मुरलेल्या माणसांकडं ठेवायचं. आता डिजिटल फोटो असतो, तो बेळगावहून हुबळीला, बेंगळूरला, मुंबईला कुठंही पाठवता येतो. तेव्हा ताई, व्हॅनवाल्यांना पहिला प्रश्न हाच विचारा, फोटो वाचणार कोण, आणि रिपोर्ट किती दिवसांत देणार.

दुसरा प्रश्न, मशीन कसलं आहे. "दुखत नाही, एक्स-रे नाही, हात पण लावत नाही" म्हणून उष्णता मोजणारा कॅमेरा घेऊन फिरणारे पुष्कळ आहेत. ते मॅमोग्राफीच्या जागी चालत नाही, अमेरिकेच्या औषध प्रशासनानं पण तसा इशारा दिलाय. खरं मॅमोग्राफी मशीन असेल तर त्याला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, तो बघायला मागा. मागायला लाजू नका.

तिसरं, वय. तिशी-पस्तिशीच्या पोरींना सरसकट मॅमोग्राफी करू नका. त्या वयात स्तनाचा पोत दाट असतो, फोटोत सगळं पांढरं दिसतं आणि गाठ पण पांढरीच दिसते, मग सापडणार काय? त्यांना सोनोग्राफी लागते, आणि ती पीसीपीएनडीटी म्हणजे गर्भलिंग निदान रोखणाऱ्या कायद्यामुळं शिबिरात उचलून आणता येत नाही, म्हणजे बाईला तालुक्याला किंवा बेळगावला जावंच लागणार, त्याची सोय आधी करा. आपल्याकडं हा रोग पाश्चात्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधीच्या वयात दिसतो, म्हणूनच सरकारच्या २०१६ च्या आराखड्यात ३० ते ६५ वयाच्या बायकांना दर पाच वर्षांनी शिकलेल्या हातानं तपासायचं ठेवलंय, मॅमोग्राफी सरसकट नाही.

माझं मत विचाराल तर तुमच्या गावांना हातानं तपासणं हाच पाया ठेवा आणि जिला काही लागलं तिच्यासाठीच मशीन. व्हॅन आलीच तर पन्नाशीच्या पुढच्यांना.

जांबोटीची आशा

मी आशा कार्यकर्ती हाय, खरं खरं लिवते. सरकारचा नियम कागदावर हाय पण देशात ३० ते ४९ वयाच्या बायकांत छाती तपासून घेतलेल्या शंभरात एक सुद्धा न्हाईत, हे २०१९-२१ च्या सरकारी पाहणीतच आलंय. आम्ही घरोघरी जाऊन फॉर्म भरतो, त्यात प्रश्न असतोच, छातीत गाठ हाय का, बोंडातून रक्त येतंय का. बाई दारात उभी, मागं सासरा खाटंवर, पोरगं टीव्ही बघूलालंय, ती काय सांगणार? न्हाई म्हणतीया आणि मी न्हाईवर टिक करते. फॉर्म भरला पण तपासणी झाली न्हाई.

विहिरीवर न्हाईतर काजूच्या बागेत एकटी गाठली की मग सांगतात. आणि कायम एकच बोलणं, "दुखत न्हाई गं, म्हणून सोडून दिलं." दुखत न्हाई म्हणूनच दाखवायचं असतं हे मी शंभर ठिकाणी सांगते. कातडी संत्र्याच्या सालीवानी झाली, बोंड आत ओढलं, काखंत गोळा लागला, तवर वेळ पुष्कळ गेलेली असतीया.

ताई तुमच्या शिबिराला तीन गोष्टी सांगते. ऑक्टोबरात घेऊ नका, सगळी शिबिरं ऑक्टोबरातच घेत्यात कारण तो कॅन्सरचा महिना म्हणं, पण आमच्याकडं तवा नवरात्राचे उपास आणि लगेच भाताची सुगी, कोण येणार? लावणीत पण नको. संक्रांतीनंतर घ्या, हळदीकुंकवाला बायका जमत्यातच. दुसरं, पंचायतीच्या हॉलात पडदा नुसता पुढनं लावत्यात, खिडकीतनं पोरं बघत्यात, तसं नको, अंगणवाडीची आतली खोली घ्या. तिसरं, तपासणारी बाईच पाहिजे, आणि मराठी बोलणारी. फॉर्म कन्नडमध्ये हाय तर असू दे, मी भरते, पण त्या खोलीत विचारणारी आपल्या भाषेत विचारली तरच बाई तोंड उघडतीया.

मलप्रभेकाठची

आशाताई, तुमचा प्रतिसाद गटाच्या बैठकीत वाचून दाखवणार आहे.

खिंडगल्ली

एक शंका. बायकांना घरीच स्वतःची तपासणी शिकवली तर? त्याला ना व्हॅन ना नर्स.

आकडेमोड

शिकवा जरूर, पण त्यावर भिस्त ठेवू नका. शांघायला गिरण्या-कारखान्यांतल्या २,६६,०६४ बायकांवर हे करून बघितलंय, २००२ ला निकाल आला. नीट शिकवलं, उजळणी घेतली, तरी मृत्यू कमी झाले नाहीत, साध्या गाठींच्या बायोप्सी (तुकडा काढून तपासणं) मात्र वाढल्या. आपली छाती कशी असते हे बाईला माहीत असावं, बदल वाटला की त्याच आठवड्यात दाखवावं, एवढं शिकवलं तर फायदाच. त्यानं शिबिराचं काम भागत नाही.

निपाणीकर

वाचत होतो, पण आता लिहितोच. माझी मोठी बहीण. लग्न होऊन चिकोडी तालुक्यात दिलेली, तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. काखेजवळ गाठ लागली, जवळच्या एका लहान दवाखान्यात दाखवली, त्यांनी "चरबीची आहे" म्हणून भूल देऊन काढून टाकली. टाके घातले, पैसे घेतले, आणि काढलेली गाठ पॅथॉलॉजीला पाठवलीच नाही. आम्हाला तरी कुठं माहीत होतं की पाठवायची असते. वर्षाच्या आत त्याच जागी परत आली. मग कोल्हापूर, तिथनं मिरज. केमो, ऑपरेशन, सगळं झालं. अक्का आज आहे, पण जे लहान ऑपरेशनात निभावलं असतं त्याला सगळा स्तन काढावा लागला. म्हणून सगळ्यांना हात जोडून सांगतो, गाठ कुणी काढली तर ती तपासायला गेली का विचारा आणि रिपोर्ट हातात घ्या. खरं तर काढायच्या आधी सुईनं तुकडा घेऊन बघायचं असतं, हे मला मिरजेत कळलं.

आणि ताई, तुमच्या मूळ प्रश्नाला धरून एक. अक्का कर्नाटकात राहते, उपचार महाराष्ट्रात झाला. निपाणीहून कोल्हापूर चाळीस किलोमीटर आणि बेळगाव त्याच्या दुप्पट, माणूस जवळ जाणारच. तुमच्या खानापूरच्या बायका काही बेळगावला जातात, काही चोर्ला घाट उतरून गोव्याला. मग आमच्या सीमाभागात तपासणी चांगली झाली का हे कोण सांगणार? शिबिरात "काही नाही" म्हणून घरी पाठवलेली बाई सहा महिन्यांनी मिरजेत सापडली तर शिबिरवाल्यांना कळतं का?

क्षकिरण

निपाणीकर दादा, अक्कांना बरं वाटो. तुम्ही अगदी वर्मावर बोट ठेवलंत. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उघडकीला आलेला कॅन्सर, तो किती जणींना झाला हाच तपासणीच्या गुणवत्तेचा खरा आरसा मानतात. सापडलेल्या मोजणं सोपं, सुटलेल्या मोजायच्या तर बाई जिथं जाईल तिथली नोंद परत यायला लागते. आइसलँडला ते जमतं कारण सगळ्या देशाची एकच कॅन्सर नोंदणी आहे. आपल्याकडं तीन राज्यांत वाटली गेलेली माणसं.

आकडेमोड

नोंद ठेवायची तर बार्शीचं उदाहरण आपल्या अगदी जवळचं. १९८७ पासून तिथं देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालू आहे, बार्शी, परांडा, भूम ह्या भागाची. दवाखान्यातून कागद येईल म्हणून वाट बघत बसत नाहीत, माणसं गावोगाव फिरून विचारतात. कॉम्प्युटर नव्हते तेव्हापासून. तुमच्या सात-आठ गावांना आशाताई आहेत, बचत गट आहेत, तुम्हाला का नाही जमणार?

चोर्लापलीकडे

मी मूळची कणकुंबीची, आता डिचोलीला असते. गोव्यानं २०२१ ला हातात धरायच्या लहान मशीननं बायकांची तपासणी सुरू केली, युवराज सिंगची संस्था त्यात होती. गोवा पण लहानच, पंधरा लाखांची वस्ती. मला त्यातली आवडलेली गोष्ट म्हणजे तपासणी आरोग्य केंद्रातच, त्यामुळं पुढची वाट बाईला माहीत असते. आमच्या कणकुंबीच्या बायकांना मात्र इकडं आलं की आधी विचारतात, कार्ड कुठलं?

निपाणीकर

कार्डाचं तर विचारूच नका. कर्नाटकात सरकारची आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजना आहे, पण त्याला आधी सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र लागतं, ते न घेता थेट मोठ्या हॉस्पिटलात गेलं की अडतं. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये ८६५ सीमावर्ती गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना द्यायचं ठरवलं, लगेच कर्नाटकानं हरकत घेतली. राजकारण ज्याचं त्याला लखलाभ. ज्या बाईच्या हातात संशयाची चिठ्ठी आहे तिला त्याच दिवशी कळलं पाहिजे की आपण कुठल्या कागदावर कुठं जायचं.

जांबोटीची आशा

रेफरलचं मी बघते, ते आमचंच काम. प्राथमिक केंद्रातनं तालुक्याला, तिथनं जिल्ह्याला. सरकारी बसच्या शक्ती योजनेमुळं बेळगावपर्यंत बाईला तिकीट न्हाई, खरं सोबत येणाऱ्या नवऱ्याला पडतंय आणि त्याचा दिवसाचा पगार बुडतो, म्हणून तो आज-उद्या करतो. गटातली एक बाई सोबत पाठवा, दोघी फुकट जातील.

मलप्रभेकाठची

काल बैठक झाली, इथलं बरंचसं वाचून दाखवलं. व्हॅनवाल्यांना फोन केला आणि क्षकिरणताईंचे प्रश्न विचारले. फोटो कोण वाचणार ह्याला उत्तर आलं "आमचे डॉक्टर आहेत", किती दिवसांत ह्याला "लवकरच". परवान्याचं विचारल्यावर परत फोन करतो म्हणाले. बायकांनी एकमतानं ठरवलं की लेखी उत्तर आल्याशिवाय व्हॅन नको.

तपासणी संक्रांतीनंतर, अंगणवाडीच्या आतल्या खोलीत, आरोग्य केंद्राच्या सिस्टर आणि सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडम करणार, एका दिवशी मोजक्याच बायका म्हणजे घाई नको. दोघींचं आधी नीट प्रशिक्षण व्हावं म्हणून बेळगावच्या मेडिकल कॉलेजला पत्र देतोय.

आणि एक वही घालतोय. प्रत्येक गावाची वेगळी, जाड पुठ्ठ्याची, आशाताईंच्या कुलपात राहणार, कारण नावं बाहेर फुटली तर पुढच्या वेळी कुणी येणार नाही. त्यात तपासणीची तारीख, काय लागलं, कुठं पाठवलं, सोबत कोण गेलं, कुठल्या दवाखान्यात पोचली, कुठल्या राज्यात, तुकडा घेतला का, रिपोर्ट काय, उपचार सुरू झाला ती तारीख, पुरा झाला ती तारीख. जागतिक आरोग्य संघटनेनं दवाखान्यात पहिल्यांदा दाखवल्यापासून ६० दिवसांत निदान व्हावं असं म्हटलंय, आम्ही संशय आल्याच्या दिवसापासूनच दिवस मोजणार आणि निम्मे झाले की गटातली बाई घरी जाऊन विचारणार. "काही नाही" म्हणून पाठवलेल्यांची नावं पण ठेवणार, आणि दर संक्रांतीला घरोघर विचारणार की मधे कुणाला काही निघालं का, बेळगाव, मिरज, गोवा कुठंही.

आकडेमोड सर, वर्षाच्या शेवटी ह्यातनं टक्केवारी काढू नका म्हणालात ते लक्षात आहे. पण पाच वर्षं धीर धरायचा आणि मधे काहीच बघायचं नाही का?

आकडेमोड

बघायचं की. एकेक केस बघायची. तीन जणी संशयित निघाल्या आणि एक पोचली नाही तर ६७ टक्के म्हणत बसू नका, ती एक का पोचली नाही ते शोधा. पैसे नव्हते, भीती होती, डॉक्टर रजेवर होते, जे असेल ते. अशा कारणासाठी मोठा आकडा लागत नाही, एक बाई पुरते. पाच वर्षांनी मग गाठीचा आकार आणि स्टेज मांडून बघू, शेजारच्या गावांनी हीच वही ठेवली तर आणखी लवकर.

निपाणीकर

ताई, वहीच्या पानाचा फोटो टाका, मराठी आणि कन्नड दोन्हीत मथळे घालून. आमच्याकडं तंबाखूच्या वखारीतल्या बायकांचा गट आहे, माझी अक्का स्वतः घेऊन बसते म्हणालीय. सुगी संपली की सुरू करतो.

जांबोटीची आशा

दवाखान्याचा फोन नंबर आणि बाईच्या घरचा नंबर असे दोन रकाने वाढवा. नवऱ्याचा नंबर नको, तिचा न्हाईतर शेजारणीचा.

मलप्रभेकाठची

वाढवते. पानाचा फोटो आज रात्री टाकते.